रत्नागिरीचे गंगाधरपंत मास्तर

शेंगांच्या टरफलांची गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. त्या मुलाचे वडील स्वतः मास्तर होते आणि त्यांनी मराठीत त्रिकोणमितीचं पुस्तक लिहिलं होतं, हे मात्र मोठ्यांनाही ठाऊक नसतं. गंगाधर रामचंद्र टिळक, लोकमान्यांचे वडील. जन्म १८२०.

घराणं दापोली तालुक्यातल्या चिखलगावचं, खोतीचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांचं. खोती म्हटली की डोळ्यांसमोर मोठं वैभव येतं. कोकणात मात्र पिढीगणिक वाटे पडत जात आणि अखेरीस मानापानापलीकडे फारसं काही हाती उरत नसे. गंगाधरपंतांचे आजोबा केशवराव पेशवाईत अंजनवेलीला मामलेदार होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि त्यांची कारकीर्दही तिथेच संपली. आजोबांनी पेशव्यांची चाकरी केली होती. नातवावर ज्यांनी पेशवाई बुडवली त्यांच्याच पगारावर घर चालवायची वेळ आली.

गंगाधरपंतांना शिकायचं होतं आणि त्यासाठी ते पुण्याला गेलेही होते. पण आई गेली, वडील रामचंद्रपंत विरक्त होऊन काशीकडे निघाले, आणि विशीही न गाठलेल्या या मुलाला इंग्रजी शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. पुढे मराठी शाळेत मास्तरकी धरली. सुरुवातीचा पगार महिना ५ रुपये होता, असं चरित्रकार सांगतात. मालवण, चिपळूण अशा बदल्या होत अखेर ते रत्नागिरीत स्थिरावले.

तेव्हाचा मराठी शाळामास्तर हा एक नवाच प्राणी होता. त्याआधीचे पंतोजी दुसऱ्यांच्या ओसरीवर मुलं जमवून शिकवत आणि शिध्यावर व दक्षिणेवर भागवत. या मास्तराला सरकारी पगार, छापील पुस्तकं आणि तपासणीला येणारा साहेब. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघालं होतं, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याआधीच आला होता. पण शाळेत शिकवायचा एकेक विषय मराठीत आणायचा तर त्याचं पुस्तक कुणीतरी लिहायला हवंच होतं. ते काम गंगाधरपंतांसारख्यांनी अंगावर घेतलं. त्यांची त्रिकोणमिती १८५४ ची. व्याकरणावरही त्यांनी शाळेपुरतं पुस्तक लिहिलं. स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या माणसाने हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आधी तीन मुली, मग पत्नी पार्वतीबाईंची सूर्योपासना आणि व्रतवैकल्यं, आणि २३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत मुलगा. नाव पणजोबांचं, केशव; घरात हाक मात्र ‘बाळ’. तीच टिकली.

या बाळला वडिलांनी घरीच घडवलं. पाठ केलेल्या प्रत्येक श्लोकाला एक पै, असा त्यांचा दर होता म्हणे. एका रुपयाच्या पै १९२. म्हणजे बाळला रुपया मिळवायचा तर १९२ श्लोक तोंडपाठ हवेत! मास्तरांनी हा हिशेब मनाशी केला नसेल, असं मुळीच वाटत नाही. दुसरी आठवण बाणभट्टाच्या ‘कादंबरी’ या संस्कृत गद्यकथेची. मुलाने ती वाचायला मागितली, तर आधी एक अवघड गणित सोडव, मग देतो, अशी अट घातली. या आठवणींत थोडं मीठमसाला असेलच. पण संस्कृत आणि गणित हे दोन विषय त्या घरात एकमेकांत मिसळलेले होते, एवढं त्यातून नक्की कळतं.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाबद्दल विलायतेहून आलेल्या सरकारी आदेशानंतर, पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षणखातं उभं राहिलं, आणि शाळा तपासणाऱ्यांच्या जागा निघाल्या. १८६६ मध्ये गंगाधरपंतांना तशीच बढती मिळाली: असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर, मुक्काम पुणे. अर्धं शिक्षण सोडून ज्या गावातून परतावं लागलं होतं, तिथेच तीसेक वर्षांनी ते सहकुटुंब आले. पण त्याच वर्षी पार्वतीबाई वारल्या. बाळ दहा वर्षांचा. घरातलं त्याचं पाहायचं ते गोविंदराव काका आणि काकूंनी.

१८७१ मध्ये त्यांनी मुलाचं लग्न लावलं. नवरी लाडघरच्या बाळ आडनावाच्या घराण्यातली तापी, सासरचं नाव सत्यभामा. वर्षभराने, ३१ ऑगस्ट १८७२ ला, गंगाधरपंत गेले. वय जेमतेम बावन्न. मुलगा सोळा वर्षांचा आणि मॅट्रिकची परीक्षा तोंडावर. त्याच वर्षी तो पास झाला आणि पुढे डेक्कन कॉलेजात गेला.

वडिलांनी उभा जन्म ज्या सरकारी खात्यात काढला, त्या सरकारची नोकरी करायची नाही, असं मुलाने आगरकरांच्या जोडीने ठरवलं. पण मास्तरकी काही सुटली नाही. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, तेव्हा टिळक मास्तरांनी वर्गात शिकवायला घेतलं ते गणित आणि संस्कृत.