बँडसॉ वाकडा कापतोय? आवळण्याआधी काप बघा

इंदूरच्या सुतारमंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरणारा सल्ला: ‘बँडसॉ वाकडा कापत असेल तर पट्टा अजून आवळा.’ (बँडसॉ म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याची करवत.)

सल्ला निराधार नाही, म्हणूनच टिकलाय. पट्टा सैल असला की जाड लाकडात काप मध्येच कमानीसारखा फुगतो. तिथे ताण वाढवून फरक पडतो. (बोथट पट्ट्यानं किंवा घाईनं ढकलल्यानंही असंच होतं.)

पण काप सपाट असून फेन्सपासून (लाकूड सरळ सरकवायला टेबलावर लावलेल्या आधारपट्टीपासून) एकाच बाजूला पळत असेल, तर कारण बहुधा दातांत असतं. दात आलटून-पालटून डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. जुन्या सागवानातला एखादा खिळा एका बाजूचे दात बोथट करतो, मग धारदार बाजू पट्ट्याला आपल्याकडे ओढते. ती ओढ आवळून जात नाही. उलट पट्ट्याच्या जोडावर आणि बेअरिंगवर भार येतो.

खात्री करायची तर फळीच्या सरळ कडेला समांतर रेघ मारा. फेन्स काढून रेघेवरून हातानं अर्ध्यापर्यंत कापा, फळी तशीच धरून मशीन बंद करा. पट्टा पूर्ण थांबला की फळीच्या कडेलगत टेबलावर पेन्सिल ओढा. फेन्स परत लावून बघा, ही खूण फेन्सशी समांतर नसेल तर ओढ आहे. आता तेवढ्याच रुंदीचा नवा पट्टा त्याच ताणावर चढवून पुन्हा बघा. खूण समांतर आली, तर दोष जुन्या पट्ट्याचा. नाही आली, तर पट्टा वरच्या चाकावर नेमका कुठे चालतो आणि पट्ट्याला बाजूंनी आधार देणाऱ्या गाइडमध्ये कागदाएवढीच फट आहे ना, ते तपासा. अर्थात प्लग काढून.