सातव्या वर्षी कर्ज माफ, मग सहाव्या वर्षी उधार देणार कोण?

जुन्या इस्रायलमधे एक कायदा होता, दर सातव्या वर्षी कर्ज माफ. बायबलमधल्या ‘अनुवाद’ (इंग्रजीत Deuteronomy) नावाच्या पुस्तकात १५ व्या अध्यायात तो आहे, आणि मला तो वाचताना दर वेळी थक्क व्हायला होतं.

कारण तिथला शेतकरी कर्ज काढायचा ते धंदा वाढवायला नाही, पाऊस दगा द्यायचा, घरात दाणा नाही, बियाणं नाही म्हणून काढायचा. फिटलं नाही की आधी शेत जायचं, मग मुलंबाळं सावकाराकडे राबायला. बॅबिलोनमधेही हेच होतं, तिथले राजे मधेच फर्मान काढून धान्याची-चांदीची अशी कर्जं रद्द करायचे, इ.स.पू. १७ व्या शतकातल्या अम्मीसदूका राजाचं फर्मान तर मातीच्या विटेवर सापडलंय आणि त्यात व्यापारासाठी घेतलेलं कर्ज मात्र माफ नाही, म्हणजे पोटासाठीचं कर्ज वेगळं आणि नफ्यासाठीचं वेगळं हे त्यांना पक्कं कळत होतं.

पण राजा माफी कधी देईल ते कुणालाच ठाऊक नसायचं. इस्रायलने तारीखच ठरवून टाकली. आणि खरी गंमत इथेच आहे, तारीख माहीत असली की सहाव्या वर्षी पैसे सोडणार कोण? कायदा लिहिणाऱ्यालाही हे कळलं होतं, त्याच अध्यायात नवव्या ओवीत बजावलंय की सातवं वर्ष जवळ आलं म्हणून गरीब भावाला हात आखडू नकोस. नुसत्या बजावण्याने लोक ऐकतात का? नाही ऐकले. शेवटी इ.स.पू. पहिल्या शतकाच्या शेवटाकडे हिल्लेल नावाच्या धर्मगुरूने प्रोझबुल नावाचा कागद काढला, सावकाराने आपली येणी कोर्टाकडे सोपवली असं लिहून द्यायचं, मग ती बुडत नाहीत. गरिबाला उधार मिळावं म्हणून गरिबासाठीच्याच कायद्याला वळसा! मला यात लबाडी नाही, कळकळ दिसते.

जमिनीचं त्यांनी जास्त हुशारीने केलं होतं. बायबलच्याच ‘लेवीय’ या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणे दर ५० व्या वर्षी, म्हणजे योबेल नावाच्या वर्षी, शेत मूळ घराण्याकडे परत, म्हणून किंमत ठरवायची ती मधे किती पिकं निघतील ते मोजून, म्हणजे विक्री कसली, शेत खंडाने दिल्यासारखंच. यात घेणाऱ्याचंही नुकसान नाही, कारण परत जाण्याची तारीख भावातच धरलेली.

कर्जाला असा भाव लावता येत नव्हता कारण आपल्या माणसाकडून व्याज घ्यायलाच बंदी. तरी मृत समुद्राजवळ वादी मुरब्बात नावाच्या दरीत सापडलेल्या, रोमन सम्राट नीरोच्या राजवटीच्या दुसऱ्या वर्षीच्या एका कर्जाच्या कागदावर कर्जदार लिहून देतोय की मुदतीत फिटलं नाही तर वर पाचवा हिस्सा देईन, आणि सातवं वर्ष असलं तरी फेडीन.