टीव्हीची छत्री बसवली म्हणजे रिचार्ज आलंच? नाही!

पुण्यात अजून ऐकू येतं, ‘छत्री घेतली की दर महिन्याला रिचार्ज करावंच लागतं.’ आमच्या वाड्यातल्या एका आजींकडून तर दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’चं नूतनीकरण म्हणून पैसेही नेले. वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची उपग्रहावरून थेट घरी येणारी टीव्ही सेवा डिसेंबर २००४मध्ये सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. खर्च एकदाच होतो, तो छत्री, सेट-टॉप बॉक्स, केबल आणि बसवणाऱ्याच्या मजुरीचा. मग चालतं कसं? खासगी वाहिन्या या सेवेवर जागा मिळवण्यासाठी लिलावात बोली लावतात, त्यातून दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीला पैसे मिळतात.

सिग्नल ९३.५ अंश पूर्वेच्या उपग्रहावरून येतो. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर आहे. त्यामुळे सिंहगडाकडे तोंड करून उपयोग नाही. ती सवय गच्चीवरचा जुना अँटेना सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडे वळवायचो, त्या काळातली. आग्नेयेला आंब्याचं झाड किंवा शेजारची इमारत आड आली, तर मात्र चित्र येणार नाही. बसवण्याआधी गच्चीवर जाऊन तेवढं नक्की बघा.

सशुल्क वाहिन्या यात दिसत नाहीत, हे खरं. पण ‘रिचार्ज संपलं’ म्हणून कुणी दारात आलं, तर पैसे देऊ नका.