गणित अध्यापनातील तंत्रज्ञान आणि व्यावहारिक उपयोजन (माध्यमिक स्तर)

नववी-दहावीच्या गणितातील संकल्पना परिसरातील प्रत्यक्ष प्रश्नांवरून आणि संगणक, मोबाइल किंवा मोजमापाची साधी साधने वापरून शिकविण्याची पद्धत. तंत्रज्ञान आणि व्यवहार यांचा उल्लेख बहुधा जोडीने होत असला, तरी दोहोंचे काम वेगळे आहे : परिसर प्रश्न पुरवतो, तर तंत्रज्ञानामुळे त्या प्रश्नातील किचकट आकडेमोड आणि आलेख विद्यार्थ्याच्या आवाक्यात येतात. प्रश्नाशिवाय नुसती चित्रफीत स्मार्ट बोर्डावर लावली, तर फळ्याच्या जागी पडदा येतो, इतकेच.

गणित ही शिकून घ्यायची तयार वस्तू नसून करण्याची क्रिया आहे, ही भूमिका डच गणितज्ञ हान्स फ्रॉइडेंटाल यांनी मांडली आणि तिच्यातून १९७० च्या दशकात नेदर्लंड्समध्ये वास्तवाधारित गणित शिक्षणाचा प्रवाह सुरू झाला. भारतात २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण, म्हणजे मुलांना गणिती रीतीने विचार करायला शिकवणे, हे उद्दिष्ट मानले. साधनांपैकी शाळांत विशेष रुळलेली, आकृत्या व आलेख काढणारी संगणकीय आज्ञावली म्हणजे जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग विद्यापीठात तिचे काम सुरू केले आणि ती शाळांना विनामूल्य मिळते. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन केल्यास दीक्षा या शासकीय ऑनलाइन शैक्षणिक मंचावरील पूरक साहित्य उघडते.

ठाणे व नवी मुंबई या शहरांत अशा प्रश्नांची वाण नाही. दहावीच्या गणित भाग २ मधील त्रिकोणमितीचे उदाहरण घेऊ. पुस्तकातील उन्नत कोन, म्हणजे वर पाहताना नजरेची रेषा आडव्या रेषेशी करते ते कोन, बहुधा ३०, ४५ किंवा ६० अंशांचे असतात, कारण त्यांची गुणोत्तरे पाठ असतात. सोसायटीची इमारत मात्र हा संकेत पाळत नाही. कोनमापकाला शीतपेयाची नळी चिकटवून, मध्यबिंदूतून दोरा ओवून आणि दोऱ्याच्या टोकाला ओळंबा म्हणून लोखंडी नट बांधून विद्यार्थी इमारतीपासून २० मीटरवर उभे राहतात. एका गटाला कोन ३८ अंश मिळतो, दुसऱ्याला ४०. डोळ्याची उंची १.४ मीटर धरली, तर पहिल्या गटाचे उत्तर सुमारे १७ मीटर आणि दुसऱ्याचे सुमारे १८.२ मीटर येते. तिसरा गट डोळ्याची उंची मिळवायलाच विसरतो आणि १५.६ वर थांबतो. तळमजला आणि वरचे पाच मजले, मजल्यामागे अंदाजे ३ मीटर, असा ताळा केला की कोणाचे उत्तर पटण्याजोगे आहे हे शिक्षकांनी सांगावे लागत नाही. मोबाइलमधील कोन मोजणारे ॲप ३८.७ असा दशांशापर्यंत आकडा दाखवते, पण हात हलत असेल तर त्या दशांशाला अर्थ नसतो, आणि ही गोष्ट मुलांना मैदानावरच उमगते.

यापुढचा भाग तंत्रज्ञानाचा. जिओजेब्रामध्ये इमारतीची उंची स्थिर ठेवून निरीक्षकाचा बिंदू सरकवला आणि कोनात एका अंशाची चूक मुद्दाम घातली, तर उंचीतील चूक ४५ अंशांच्या आसपास सर्वांत कमी असते आणि १५ अंशांवर ती जवळजवळ दुप्पट होते, हे दिसते. फार लांब उभे राहू नये आणि फार जवळही नको, या अनुभवामागचे कारण असे आकृतीतच सापडते. कागदावर हेच करायचे तर एक तास नुसत्या गुणाकारात जातो.

विजेचे बिल हा असाच घरातला धडा आहे. नवी मुंबईत आणि ठाणे शहराच्या बऱ्याच भागात वीज देणाऱ्या महावितरणच्या घरगुती दरांत १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. तीनशेच्या वर एक युनिट गेले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, अशी समजूत घरोघरी आढळते. वापरलेली युनिटे क्ष-अक्षावर आणि वीज आकार य-अक्षावर घेऊन आलेख काढल्यास रेषा ३०० वर तुटत नाही, फक्त अधिक चढी होते. वाढीव दर पुढच्या युनिटांनाच लागू होतो. रेषेचा चढ म्हणजे दर, ही गोष्ट व्याख्येपेक्षा इथे लवकर पटते. आई-वडिलांना ती समजावून सांगण्याची संधी मुले सहसा सोडत नाहीत.

ठाण्याजवळचा रेल्वेचा पारसिक बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे. जवळपास २४ मीटरचा एक, अशा २२ डब्यांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने तो पूर्णपणे ओलांडायला, इंजिन न धरता, साधारण ११० सेकंद घेईल. गाडीची स्वतःची लांबी मिळवावी लागते, हीच यातली मेख. बोगद्यात जीपीएस चालत नसल्याने मोबाइल तिथे वेग सांगू शकत नाही आणि स्टॉपवॉच व भागाकार यांचीच पाळी येते. नवी मुंबईतील सीबीडी बेलापूर येथे वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडको या शहर वसवणाऱ्या शासकीय संस्थेसाठी आखलेल्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीत सात घरे एका चौकाभोवती, असे तीन गट मिळून २१ घरे, आणि त्यांच्या तिपटीने ६३ घरे अशी रचना आहे. दहावीच्या पुस्तकात केवळ अंकगणिती श्रेढी (लगतच्या पदांतील फरक समान असलेला क्रम) असली, तरी ७, २१, ६३ हा क्रम त्या श्रेढीत का बसत नाही, हा प्रश्न तिथूनच विचारता येतो. ठाणे खाडीतील फ्लेमिंगोंच्या छायाचित्रावर चौकटी आखून, काही चौकटींतील पक्षी मोजून एकूण संख्येचा अंदाज बांधणे हा सांख्यिकीचा चांगला उपक्रम होय. मात्र पक्षी दाटीने बसलेल्या चौकटीच निवडल्या, तर अंदाज फुगतो.

या पद्धतीची अडचण साधनांपेक्षा परीक्षेत अधिक आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, त्यामुळे ३८ अंशांचे टॅन गुणोत्तर काढायला लावणारा प्रश्न तिथे सहसा येत नाही आणि दिवाळीनंतर बहुतेक वर्ग पुन्हा ३०-४५-६० वर येतात. गणिताच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे आणि २० अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. मैदानावरचे मोजमाप, बिलाचा आलेख किंवा पक्ष्यांची गणती यांना जागा मिळते ती बहुधा या २० गुणांतच, आणि मोजणी करताना झालेल्या चुकांसह नोंदवही मागितली, तर एकमेकांची उत्तरे उतरवून घेणेही अवघड होते.