झाडं मोजायची, पण एकही न मोजता

‘उपग्रहाने प्रत्येक झाड मोजलं’ असे मथळे हल्ली वरचेवर दिसतात. उपग्रहाला वरून दिसतो तो फांद्यापानांचा पसारा. खाली खोड किती जाड आहे, किती लाकूड कुजत पडलंय, हे कळायला अजूनही कुणीतरी रानात जाऊन उभं राहावं लागतं. मात्र टेप घेऊन झाडाझाडाला मिठी मारत फिरायची गरज नाही, हे ऑस्ट्रियाचे वनाधिकारी वाल्टर बिटरलिख यांनी १९४८ साली दाखवून दिलं.

साधन काय, तर १ मीटर लांब काठी आणि तिच्या टोकाला २ सेंटिमीटर रुंद पट्टी. काठीचं दुसरं टोक डोळ्याशी धरायचं आणि जागेवरच एक पूर्ण गिरकी घ्यायची. छातीच्या उंचीला जी खोडं पट्टीपेक्षा रुंद दिसतील तेवढी मोजायची. २७ भरली? मग हेक्टरी खोडांच्या आडव्या छेदाचं एकूण क्षेत्रफळ अंदाजे २७ चौरस मीटर. ना व्यास मोजला, ना अंतर!

हे जमतं कसं? ४० सेंटिमीटर व्यासाचं खोड पट्टीपेक्षा रुंद दिसतं ते २० मीटरच्या आत असेल तरच. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १,२५७ चौरस मीटर, खोडाच्या छेदाचं ०.१२५७. म्हणजे १०,००० पट. १० सेंटिमीटरच्या खोडाची हद्द ५ मीटर. तिथेही गुणोत्तर तेच. आणि हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर! जाड झाड लांबूनही गणतीत येतं, बारीक झाड जवळ असेल तरच; म्हणून गणतीतलं प्रत्येक झाड, जाड असो वा बारीक, हेक्टरी १ चौरस मीटरच सांगतं. जे काठावर वाटेल त्याचं अंतर मात्र टेपने तपासावं. आणि उभं राहायच्या जागा नकाशावर आधीच ठरवाव्यात. काटे चुकवून सावलीत उभं राहिलात, तर आकडा सावलीचाच येणार.

उभी वठलेली झाडंही याच गिरकीत येतात. आडव्या पडलेल्या ओंडक्यांसाठी कॅनडाच्या व्हॅन वॅग्नर यांनी १९६८ मध्ये सरळ रेषेचं सूत्र मांडलं. रेषा ओंडक्याला जिथे छेदते तिथला व्यास सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, सगळ्या व्यासांच्या वर्गांची बेरीज करायची, तिला π²/८ ने गुणून रेषेच्या मीटरमधल्या लांबीने भागायचं. उत्तर हेक्टरी घनमीटरमध्ये. १०० मीटरच्या रेषेवर १०, २० आणि ३० सेंटिमीटरचे तीन ओंडके लागले, तर सुमारे १७ घनमीटर. ओंडक्याची लांबी लागतच नाही, कारण लांब ओंडका रेषेत सापडण्याची शक्यता मुळातच जास्त. सूत्रातला एक π बुफाँच्या सुईच्या जुन्या कोड्यातून आलेला: समांतर रेघांवर टाकलेली सुई रेघेला छेदण्याची शक्यता किती? फक्त वादळाने झाडं एकाच दिशेला आडवी केली असतील, तर एकच रेषा फसवते. रेषा वेगवेगळ्या दिशांना टाकाव्या लागतात.