डीपीएफचा दिवा इंदूरपर्यंत कसा पोचला

२०२० नंतर डिझेल गाडी घेतलेल्या आपल्या इंदूरच्या मंडळींची तक्रार ठरलेली असते, गाडी नवीकोरी, सर्व्हिसिंग वेळेवर, तरी डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा लागतो आणि मेकॅनिक बोनेटसुद्धा न उघडता म्हणतो "भिया, एक बार देवास तक घुमा लाओ", म्हणजे हायवेनं शेजारच्या देवासपर्यंत चक्कर मारून या. माणसाला वाटतं हा टोलवतोय आपल्याला. पण तो बरोबर सांगत असतो, फक्त कारण सांगत नाही, आणि कारण बरंच जुनं आहे.

फिल्टर म्हणजे काय तर सिरॅमिकचा एक ठोकळा, त्यात बारीक बारीक नळ्या, एकीचं पुढचं तोंड बंद तर शेजारचीचं मागचं, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी आत अडकते. ही रचना अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीनं १९७० च्या दशकाच्या शेवटी काढली. म्हणजे काजळी पकडायची कशी हे तेव्हाच सुटलं होतं, पण पकडलेलीचं करायचं काय? ग्यानबाची मेख तिथंच आहे. काजळी आपली आपण जळायला साधारण ५५० ते ६०० डिग्री लागतात, आणि गावात रेंगाळत चालणाऱ्या डिझेल गाडीचा धूर पुष्कळदा दीडशे-अडीचशेच्या वर जात नाही. नंतरचा सगळा इतिहास हा मधला फरक भरून काढायचाच आहे.

पहिली धडपड मर्सिडीजची. १९८५ साली कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसाठी त्यांनी तिथल्या डिझेल गाड्यांना फिल्टर लावला, तोही टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) आधी, कारण तिथं धूर जास्त गरम असतो. डोकं चांगलं चालवलं होतं, पण सिरॅमिकचे तुकडे सुटून टर्बोत जायला लागले आणि ती भानगड गुंडाळावी लागली. मग ९० च्या दशकात जॉन्सन मॅथी या इंग्लंडच्या कंपनीनं वेगळी वाट काढली, धुरातल्याच नायट्रोजन डायऑक्साइडनं काजळी जाळायची, त्याला तीनशेच्या आसपासही भागतं. ट्रक-बसला हे छान जमलं कारण ती इंजिनं तासन्‌तास तापलेली असतात, पण अट एक, डिझेलमध्ये सल्फर जवळपास नको. स्वीडनसारख्या देशात तसं डिझेल मिळत होतं. आपल्याकडं त्या काळी डिझेलमधलं सल्फर पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) हजारांत मोजलं जायचं, त्यामुळे विषयच नव्हता.

आज आपण ज्याला रीजनरेशन म्हणतो, म्हणजे गाडीनं स्वतःच धूर तापवून साठलेली काजळी जाळणं, ते कारमध्ये आलं २००० साली, प्यूजो ६०७ मधून. कॉमन रेल ही डिझेल फवारायची नवी पद्धत आल्यामुळे कॉम्प्युटरला हवं तेव्हा थोडं डिझेल उशिरा सोडता येऊ लागलं, ते इंजिनात कामाला न येता पुढं कॅटॅलिस्टवर जळतं आणि धूर तापवतं. शिवाय प्यूजोनं डिझेलमध्ये सेरियमचं एक औषध मिसळलं, त्यानं काजळी ४५० च्या आसपासच पेटायला लागली. पुढं बऱ्याच कंपन्यांनी औषध सोडलं आणि नुसत्या जादा डिझेलवर काम भागवलं. २००९ पासून युरो ५ हा धुराचा नियम आला आणि युरोपात फिल्टरशिवाय डिझेल कार विकणं अशक्यच झालं. आणि बरं का, तिथंही बाजारहाटापुरती गाडी काढणाऱ्यांनी हेच रडगाणं गायलं, इंग्लंडात लोक फिल्टर पोकळ करून घेत होते, शेवटी २०१४ पासून फिल्टर काढलेली गाडी तिथल्या वार्षिक तपासणीत नापास करायला लागले.

आता आपल्याकडं या. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे भाव मोकळे केले, डिझेलचे मात्र २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत बांधलेले, २०१२ मध्ये तर दोन्हींत लिटरमागं तीस रुपयांचा फरक पडला होता. मग काय, ज्याची गाडी गावातल्या गावात राजवाड्यापासून पलासियापर्यंत जाते तोही डिझेल घ्यायला लागला, हिशेब तसा सोपाच होता. ही सवय पक्की झाली आणि २०१६ च्या जानेवारीत सरकारनं जाहीर केलं की बीएस ५ (भारत स्टेज, आपले धुराचे नियम) गाळून एकदम बीएस ६ वर उडी, १ एप्रिल २०२० पासून देशभर. डिझेल कारच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली, वर कणांची संख्याही मोजायची ठरली, आणि ते फिल्टरशिवाय होणं नाही. डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आणलं. मला विचाराल तर निर्णय योग्यच होता, डिझेलचा धूर कॅन्सरला कारण आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१२ मध्येच सांगितलंय, पण युरोपातल्या ड्रायव्हरला ज्याची सवय व्हायला दहा-वीस वर्षं मिळाली ते आपल्या हातात एका रात्रीत आलं, आणि शोरूममध्ये गाडी देताना म्युझिक सिस्टिम अर्धा तास समजावतात, डीपीएफबद्दल चकार शब्द नाही. मारुतीनं तर त्याच वेळी डिझेल सोडूनच दिलं.

तर आपल्या रोजच्या गाडीत होतं असं. फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या प्रेशरवरून आणि कसं चालवलंय यावरून कॉम्प्युटर ठरवतो की आता जाळायचं. तेव्हा सिग्नलला उभं असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर दिसतो, ॲव्हरेजचा आकडा पडतो, स्टार्ट-स्टॉप चालत नाही, सायलेन्सरकडून तापल्याचा वास येतो. काम दहा-वीस मिनिटांचं असतं, पण तेवढ्यात टिळकनगर येतं, तुम्ही किल्ली फिरवता, आणि गाडी बंद झाल्यावरही पंखा घूंऽऽ करत राहतो ना, ते अर्धवट राहिल्याचं लक्षण. असं वारंवार झालं की उशिरा सोडलेलं डिझेल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका.

म्हणून तो देवासचा सल्ला. बायपासला लागून टॉपच्या एक गिअर खाली ठेवून ६०-७० नं सलग चालवली की धूर आधीच तापलेला असतो, कॉम्प्युटरला वरचं थोडंच करावं लागतं. भर वेगात पळवायची गरज नाही, थांबायचं मात्र नाही. दिवा लुकलुकायला लागला किंवा सोबत इंजिनचा दिवा आला तर मग देवास-बिवास नाही, सरळ वर्कशॉप, कारण तोवर काजळी इतकी साठलेली असते की रस्त्यावर जाळणं धोक्याचं. आणि युरियाची टाकी वेगळी हो, ती नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी, ती भरून हा दिवा जात नाही.

एक गोष्ट मात्र कितीही हायवे मारला तरी जळत नाही, राख. चुलीत लाकूड जळतं पण राख उरतेच, तसं इंजिन ऑइलमधल्या धातूंच्या ॲडिटिव्हची राख फिल्टरमध्ये कायमची बसते आणि लाखभर किलोमीटरनंतर ती जाणवायला लागते. म्हणून बीएस ६ डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर सी२, सी३ असं लिहिलेलं असतं त्यातलं मॅन्युअल सांगेल ते. कोपऱ्यावरच्या दुकानातलं ट्रकचं जुन्या ग्रेडचं ऑइल स्वस्त मिळतं, पण नवा फिल्टर घालायची वेळ आली तर बिल कुठं जातं ते आधी विचारून घ्या.