युरोपीय संसदेची निवडणूक

युरोपीय संघाच्या २७ देशांतील नागरिक दर पाच वर्षांनी थेट मतदानाने आपले प्रतिनिधी निवडतात, ती निवडणूक. पूर्वी देशोदेशींच्या संसदा आपल्यातलेच सदस्य तिथे पाठवत. जून १९७९ मध्ये नऊ देशांच्या मतदारांनी ४१० सदस्य प्रथमच स्वतः निवडले आणि नात्सी छळछावणीतून वाचलेल्या सिमोन व्हेय या फ्रेंच नेत्या संसदेच्या अध्यक्ष झाल्या.

२०२४ मध्ये ७२० जागा होत्या. त्यांचे वाटप सरळ लोकसंख्येवर होत नाही. कोणत्याही देशाला सहांहून कमी किंवा ९६ हून जास्त जागा मिळत नाहीत. जर्मनीचा एक सदस्य साधारण पावणेनऊ लाख लोकांचा प्रतिनिधी असतो, माल्टाचा लाखाहूनही कमी लोकांचा. मतांचे मूल्य यामुळे असमान होते, हे खरे. पण निव्वळ लोकसंख्या पाहिली असती तर माल्टाच्या वाट्याला जेमतेम एक जागा आली असती, आणि तिथल्या विरोधी पक्षाला आवाजच उरला नसता. ही तडजोड म्हणूनच न्याय्य वाटते.

प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, सर्वांना बंधनकारक आहे. बाकीचे बरेचसे नियम ज्याचे त्याने ठरवायचे. बहुतेक देशांत मत पक्षाच्या यादीला पडते. आयर्लंड आणि माल्टा येथे मतदार, आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघाप्रमाणे, उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. मतदानाचे वय सामान्यतः १८, ऑस्ट्रियात १६. बेल्जियममध्ये मतदान सक्तीचे आहे. नेदरलँड्समध्ये मतदान गुरुवारी होते, बहुतेक ठिकाणी रविवारी. शेवटचे केंद्र बंद होईपर्यंत अधिकृत निकाल जाहीर करता येत नाही.

युरोपीय संघाची स्थापना करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारामुळे (१९९२) संघाचा नागरिक ज्या सदस्य-देशात राहतो तिथेच मत देऊ शकतो, उभाही राहू शकतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन संघाच्या एखाद्या देशात स्थायिक झालेल्या गोवेकरांनाही हा हक्क आहे.

निवडून आलेले सदस्य देशवार नव्हे, विचारसरणीनुसार गटांत बसतात. गटासाठी किमान सात देशांतील २३ सदस्य लागतात. प्रचार मात्र देशी पक्षच करतात, आणि तो बहुधा देशातल्याच प्रश्नांवर रंगतो. या निवडणुकीची खरी उणीव हीच. मतदानही १९७९ मधील सुमारे ६२ टक्क्यांवरून २०१४ मध्ये ४३ टक्क्यांच्या खाली घसरले. २०१९ आणि २०२४ मध्ये ते जेमतेम ५० टक्क्यांपलीकडे गेले. २८ जादा जागा सबंध युरोपाच्या एकाच मतदारसंघातून भरण्याचा प्रस्ताव संसदेने २०२२ मध्ये मंजूर केला, पण सदस्य-देशांच्या सरकारांपुढे तो अडकून पडला.